पुराचा धोंडा

कसबा बावडा
२ ऑक्टोबर २०२१

पार्श्वा,

रामराम. तुझं क्षमावणीचं कार्ड पोचलं. दरवर्षी पर्युषण संपलं की तू छापील क्षमा मागतोस, वर्षभरात कळत-नकळत काही चुकलं असेल तर म्हणून. अरे, चाळीस वर्षं पोस्टात काढलेला माणूस तू, खाली हातानं चार ओळी खरडायला काय होतं? आणि माझं काय बिघडवलंस तेही एकदा लिही, म्हणजे क्षमा करायला मजा येईल.

फोन करू नकोस. पोरानं, यशराजनं, कानाचं यंत्र आणून दिलं, त्यातून नुसती पिठाची गिरणी सुरू असल्यासारखं वाजतं. बोलणारा पोरगा असो की तू, मला सगळे सारखेच. तेव्हा आता पत्रच.

यंदाचा पूर तू टीव्हीवर बघितला असशीलच. एकोणीसच्या पुरात तुझी भिंत पडली आणि अरिहंतनं तुम्हा दोघांना पुण्याला नेलं, ते बरंच झालं म्हणायचं. यंदा बंधाऱ्यावर पाणी छप्पन्न फुटांवर गेलं. पाणी थांबलं त्या दिवशी क्रांतीनं कडेला नदीची ओटी भरली. बयाबाई होती तोवर ती भरायची, आता सून भरते. ओटी झाल्यावर चौघांनी मिळून धोंडा उचलला आणि वर नेला. तुला ठाऊक आहे आमच्या घरचं. जिथवर पाणी आलं तिथं धोंडा, त्याला चुन्याचा हात. पुढचा पूर त्याच्या अलीकडं थांबला तर धोंडा हलत नाही. पलीकडं गेला तर धोंडा वर. खाली तो कधी येत नाही. आजोबांच्या वेळी तो नदीच्या मळीत, अगदी काठाला होता, आता तुझ्या शेतातल्या विहिरीला टेकलाय. यंदा अकरा पावलं वर गेला.

बाकी बावडा ओळखू येत नाही. आपण लहानपणी कोल्हापूरला चालत जायचो तेव्हा मध्ये दोन्ही बाजूंना नुसता ऊस असायचा. आता गाव कुठं संपलं आणि शहर कुठं सुरू झालं ते सांगणाऱ्याला मी चहा पाजीन. नदीच्या घाटावर वस्ती झाली म्हणून हे कोल्हापूर झालं, आणि आता तेच नदीच्या अंगावर चाललंय.

कट्ट्यावर मी एकटाच बसतो. जुने बरेचसे गेले. उरलेले मोबाइलमध्ये तोंड घालून बसतात. तू नाहीस, हे रोज संध्याकाळी चार वाजता कळतं.

वहिनींना नमस्कार.

आकाराम


पुणे
५ डिसेंबर २०२१

आकाराम,

जय जिनेंद्र. तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं. अरुणानं दोनदा वाचलं आणि एकदा रडली.

आम्ही अकराव्या मजल्यावर राहतो. खाली बाग आहे, बाकडी आहेत. माझ्यासारखे दहा-बारा म्हातारे तिथं येतात. ते आपापल्या मुलांचे पगार सांगतात आणि सहा वाजता वर जातात. मी पोस्टमन होतो तेव्हा दिवसाला नऊ हजार पावलं चालायचो, आणि मोजायचो. अजून मोजतो. इथं लिफ्टपासून बाकड्यापर्यंत दोनशे बारा आहेत. अरुणाच्या गुडघ्यांनी तेवढीही होत नाहीत. ती दिवसभर खिडकीशी बसून असते. परवा मला म्हणाली, "अहो, हितं सूर्य मावळतोय का नुसता इमारतीमागं जातोय?" आपल्याकडं ती दिवस असतानाच जेवण उरकून घाटावर सूर्य बघायची. 

आता एक गोष्ट. आपलं विहिरीकडचं शेत एक बिल्डर मागतोय. अरिहंत म्हणतो, "अण्णा, तिथं स्कीम झाली तर तळमजल्याचा फ्लॅट तुमच्या नावावर घेऊ. पायऱ्या नकोत, आईला बरं पडेल. तुम्ही जाऊन राहा. पण पडक्या घरात मी तुम्हाला ठेवणार नाही." म्हणजे स्कीम झाली तरच आम्ही परत. अडचण पूररेषेची आहे. बिल्डरनं सर्व्हे करणारी माणसं नेमलीत. ती यंत्र लावतात आणि शिवाय गावातल्या जाणत्या माणसाकडून खूण दाखवून घेतात, पंचनाम्यावर सही घेतात. बावड्यात खूण म्हणजे तुझा धोंडा. तो विहिरीपाशी असेल तर निम्मं शेत आत जातं आणि सगळं बारगळतं.

मी तुला काही सांगत नाही. तुझा धोंडा, तुझं घराणं. फक्त काय चाललंय ते कळवलं.

अरुणाला खाली दोन ओळी लिहायच्या आहेत.

पार्श्वनाथ

भावजी, मला नकाशातलं कळत नाही. तुम्ही धोंडा ठेवलाय तिथवर पाणी, एवढं लग्न होऊन आल्यापासून कळतं. तो सांगेल तसं होऊ दे. पण मला घरी यायचंय हो. अरुणा.


कसबा बावडा
२० फेब्रुवारी २०२२

पार्श्वा,

रामराम. सर्व्हेवाले येऊन गेले. दोन पोरं, एक साहेब. साहेब चांगला होता, मला 'आजोबा' म्हणत होता आणि कानाशी येऊन बोलत होता.

तुझं नशीब चांगलं. धोंडा उंबराच्या झाडाखाली आहे. विहिरीच्या बराच अलीकडं, नदीच्या बाजूला. मागच्या पत्रात मी विहिरीपाशी लिहिलं असेन तर ते चुकून. डोळ्यात मोतीबिंदू आहे, त्यात वय झालं, माणूस काहीही लिहितो. ते पत्र फाडून टाक, उगाच घोटाळा नको.

मी सही केली. साहेबानं धोंड्याचा फोटो घेतला, मला शेजारी उभं करून. मला हसायला सांगत होता.

क्रांती दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. तिला काय झालंय ते विचारलं नाही. तूही विचारू नकोस.

गावात कुणी काही म्हणालं नाही. जाणणारे जे उरलेत त्यातल्या बऱ्याच जणांची शेतं नदीकडंच आहेत आणि त्यांनाही बिल्डर भेटून गेलाय.

वहिनींना सांग, सामान बांधायला घ्या.

आकाराम


पुणे
१८ ऑक्टोबर २०२२

आकाराम,

दसऱ्याला भूमिपूजनाला आलो आणि तुझ्याशी धड दोन तास बोलणंही झालं नाही. अरिहंतला संध्याकाळच्या आत पुणं गाठायचं होतं. तरी जे झालं ते फार झालं. तू आणलेल्या शेंगदाण्याच्या पोळ्या अरुणानं गाडीतच संपवल्या. साठ वर्षांची ओळख आहे तुझी-तिची, पण तू तिच्या पाया पडलास तेव्हा ती गोंधळली. मला म्हणाली, "भावजींना काय झालंय? मी त्यांच्याहून धाकटी न्हवं का?" मी म्हटलं, म्हातारपणी माणूस मऊ होतो.

पूजा चालली होती तेव्हा मी शेतातून एक फेरी मारली. विहीर अजून आहे, बुजवायची आहे म्हणाले. उंबरही पाडणार आहेत. सवयीनं चालत गेलो, विहिरीपासून उंबरापर्यंत. माझ्या पायांना सवयच तशी आहे.

तुझा धोंडा बघितला. चुना ताजा दिसला.

आता दोन वर्षं. घर झालं की आपण रोज चारला कट्ट्यावर.

पार्श्वनाथ


कसबा बावडा
९ जून २०२४

पार्श्वा,

रामराम. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी निघायला वेळ लागेल असं वहिनींकडून कळलं. तेवढ्यासाठी तू तिकडं आणि त्या इकडं एकट्या, हे काही मला बरं वाटत नाही. अक्षय तृतीयेला वास्तू झाली, सगळे आले आणि गेले. वरची घरं अजून कुलपातच आहेत. इमारतीत वहिनी आणि गेटवरचा वॉचमन.

पण खूश आहेत रे. इतकी खूश बाई मी बघितली नाही. दारासमोर खुर्ची टाकून बसतात. सूर्य मावळायच्या आत जेवतात आणि नदीकडं बघत बसतात. क्रांती रोज भाजी नेऊन देते, बिनकांद्याची. परवा मी गेलो तर कानाशी येऊन म्हणाल्या, "भावजी, हे घर तुमच्यामुळं हाय. तुमच्या धोंड्यानं दिलं." मी पाणी मागितलं आणि पिऊन निघून आलो.

आता माझं ऐक. पावसाळ्याचे तीन महिने वहिनींना आमच्या घरी राहू दे. आमचं घर उंचावर आहे, खोली रिकामी आहे. तू सांगितलंस तर ऐकतील. माझं ऐकत नाहीत. म्हणतात, "धोंड्याच्या वर हाय की माझं दार. मी का कुणाच्यात जाऊन पडू?"

आणखी एक. तुझ्या शेताच्या खालच्या अंगाला दुसऱ्या बिल्डरनं भराव टाकलाय, पुरुषभर उंच. वरच्या बाजूला रस्त्याचा भराव. जुना ओढा मध्ये होता तो आता पाइपात घातलाय. एवढा एवढा पाइप, रे. माझा हातही त्यात अडकेल. पाण्याला जायला जागा कुठं ठेवली, ते मला कुणी दाखवावं.

तू तिला सांग.

आकाराम


पुणे
२४ जून २०२४

आकाराम,

हे पत्र अरिहंतकडून लिहवून घेत नाही, एका डोळ्यानं स्वतः लिहितोय, म्हणून अक्षर वाकडं.

तू फार काळजी करतोस. छप्पन्न फुटांचा पूर दर वर्षी येत नाही. पाणी पन्नासच्या खाली राहिलं तर त्या जागेला काही होत नाही, हा हिशेब तुझा तसा माझाही आहे. आणि दुसरं असं की, पहिल्याच पावसाळ्यात तिला तिथून हलवलं तर अरिहंत काय म्हणेल? "मी सांगत होतो" म्हणेल, घर भाड्यानं देईल आणि आम्हाला इथं आणून बसवेल. मग मी पुन्हा दोनशे बारा पावलं मोजत मरायचं. एवढा एक पावसाळा जाऊ दे. ऑगस्टमध्ये डॉक्टर मला सोडतील.

तिच्याशी रोज बोलतो. आवाज तरुण झालाय तिचा.

पार्श्वनाथ


कसबा बावडा
१ सप्टेंबर २०२४

पार्श्वनाथ,

तू तिसऱ्या दिवशी आलास, डोळ्यावर पट्टी होती. आपण समोरासमोर बसलो आणि एक शब्द बोललो नाही. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू येत नाही म्हणून. तुला मी काय सांगणार होतो ते तोंडानं सांगता आलं नसतं, म्हणून लिहितो. वाचून झाल्यावर हे पत्र जाळ किंवा अरिहंतला दाखव, तुझी मर्जी.

सव्वीस जुलै, शुक्रवार. बंधाऱ्यावर पाणी शेहेचाळीस फूट होतं. सकाळी दहाला क्रांती रिक्षा घेऊन गेली. वहिनी निघायच्या बेतात होत्या, पिशवीत कपडे भरले होते. "थांब, यांना विचारते," म्हणून त्यांनी तुला फोन लावला. फोन ठेवल्यावर पिशवी परत आत ठेवली. क्रांतीला म्हणाल्या, "न्हाय येत गं. धोंडा खाली हाय. शेहेचाळिसाला काय हुतंय?"

बाराला मी स्वतः गेलो. त्यांनी चहा ठेवला. मी उंबऱ्यावर उभा होतो. तोंडात शब्द आले होते पार्श्वा, अगदी ओठापर्यंत. "वहिनी, धोंडा खोटा हाय. मी हलवलाय." एवढंच म्हणायचं होतं. त्या बशी पुढं करून म्हणाल्या, "भावजी, उभं का? बसा की." मी बसलो आणि चहा प्यालो. चहा पिऊन घरी आलो.

पाणी नदीकडून आलंच नाही. नदी अजून लांब होती. भरावामुळं ओढ्याचं पाणी मागं फुगलं आणि इमारतीच्या पाठीमागून आलं. तीनला अंगणात, साडेतीनला दारात. तिथून मोठ्या रस्त्यापर्यंत शंभर पावलांची वाट होती, ती आधी बुडाली. वॉचमन गेट सोडून पळाला. जिना समोर होता, पण त्यांना तो कुठला चढवतोय. वरची सगळी घरं कुलपात. नाव पोचली तेव्हा साडेपाच झाले होते. स्वयंपाकाच्या ओट्यावर चढायला खुर्ची लावली होती त्यांनी. त्यावरून पडल्या त्या परत उठल्याच नाहीत. पाणी कमरेएवढंच होतं रे. उभं राहता येणाऱ्या माणसाच्या कमरेएवढं.

आता धोंड्याचं.

तुझं डिसेंबरचं पत्र आलं. त्यात वहिनींच्या दोन ओळी होत्या. मी ते पत्र आठ दिवस उशाशी ठेवलं. मग एक दिवस उजाडताना पहार घेऊन गेलो. धोंडा उपसला आणि उताराला लावला. वर न्यायला दर वेळी चार माणसं लागायची. खाली मी एकट्यानं आणला, सकाळच्या न्याहारीच्या आत. चुना नवा लावला. सर्व्हेवाला साहेब आला तेव्हा मी दाखवला आणि सही केली. क्रांतीला कळलं, कारण ओटी तिनं भरली होती. ती म्हणाली, "आबा, मी कुठं ओटी भरली हुती ते मला ठाव हाय." मी म्हटलं, तोंड बंद ठेव. तिनं ठेवलं. तेही पाप माझ्याच माथ्यावर.

तू म्हणशील, का? तू परत यावास म्हणून. दुसरं काही नाही. बयाबाई गेली, कान गेले, तू गेलास. चारला कट्ट्यावर कुणी नव्हतं. एवढ्यासाठी मी केलं. तुझ्या बायकोला पाण्यात बसवलं.

नदीनं दोन पिढ्या आमच्या घराला खरं सांगितलं आणि मी तिच्या नावानं खोटं सांगितलं.

क्षमा मागत नाही. मागायला तोंड नाही.

आकाराम


पुणे
२० नोव्हेंबर २०२४

आकाराम,

तुझं पत्र आलं तेव्हा पर्युषण सुरू व्हायचं होतं. दहा दिवस झाले, क्षमावणी झाली. अरिहंतनं कार्डं छापून आणली, सगळ्यांना पाठवली. तुझ्या नावाचं पाकीट मी बाजूला ठेवलं. ते अजून टेबलावर आहे, रिकामं. दोन महिने लागले मला हे लिहायला.

मला माहीत होतं.

भूमिपूजनाच्या दिवशी मी विहिरीपासून उंबरापर्यंत चाललो. एकशे चाळीस पावलं. धोंड्यापाशी पोचलो आणि थांबलो. तुझं एकवीसचं पत्र मी फाडलं नव्हतं. तू विहिरीपाशी लिहिलं होतंस आणि तुझा हात कधी चुकत नाही. लहानपणापासून मी तो धोंडा वर जाताना बघतोय. खाली येत नाही, हे तूच मला सांगायचास. तो खाली होता. चुना ताजा होता. मला तिथंच कळलं की हे तू माझ्यासाठी केलंस.

मी काय करायला हवं होतं ते मला ठाऊक आहे. तिथंच बिल्डरला सांगायचं. अरिहंतला सांगायचं. निदान तुला कोपऱ्यात ओढून म्हणायचं, आक्या, हे काय केलंस. मी पूजेला जाऊन बसलो आणि नारळ फोडला. कारण मलाही यायचं होतं. तुला माझ्यासारखं कुणी नव्हतं, मला तुझ्यासारखं कुणी नव्हतं. आपण दोघं एकमेकांसाठी इतकं गप्प बसलो की तिसऱ्या माणसाचा जीव गेला.

आणि त्या फोनचं. तुझ्या पत्रात ती पिशवी वाचली आणि मी उठून बाहेर जाऊन उभा राहिलो. ती पिशवी मला माहीत नव्हती. तिनं फोनवर एवढंच विचारलं, "अहो, क्रांती न्यायला आलीय. जाऊ का? धोंडा खरा हाय न्हवं?" नुसतं "जा" म्हटलं असतं तरी झालं असतं. खरं सांगायचीही गरज नव्हती. मी म्हटलं, "आकारामचा धोंडा कधी खोटा झालाय का?" ती हसली. म्हणाली, "व्हय, तेबी खरंच." आणि फोन ठेवला. ते तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

तू बाराला तिच्या दारात गप्प राहिलास. मी दहालाच बोललो होतो. तेव्हा तू माझ्याकडं क्षमा मागू नकोस आणि मी तुझ्याकडं मागत नाही. जिच्याकडं मागायची ती नाही. दरवर्षी मी दीडशे माणसांना कळत-नकळत झालेल्या चुकांची क्षमा मागत आलो. कळून केलेल्या चुकीची कुणाकडं मागायची, ते मला कुठल्याही मुनिमहाराजांना विचारायचं धाडस झालेलं नाही.

अरिहंत ते घर विकतोय. मी सही केली.

एक काम कर. धोंडा उचल आणि पाणी खरंच जिथवर आलं तिथं नेऊन ठेव. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी. निदान पुढच्यांना कळू दे.

पार्श्वनाथ


कसबा बावडा
१६ फेब्रुवारी २०२५

पार्श्वनाथ,

तुझं काम करायला गेलो. जमलं नाही. कसं जमलं नाही ते लिहितो.

धोंडा उंबराखाली नाही. उंबरही नाही. बिल्डरनं तो धोंडा उचलून गेटपाशी आणलाय आणि सिमेंटच्या चौथऱ्यात बसवलाय. घासून-पुसून काळा रंग मारलाय. वर पितळी पाटी आहे. गावातल्या जुन्या घराण्याची पूरखूण, पाणी याच्या पुढं आलेलं नाही, असं काहीसं लिहिलंय. शेजारी माझा फोटो आहे, सर्व्हेच्या दिवशी साहेबानं काढलेला. मी हसतोय त्यात.

मी पहार घेऊन गेलो होतो. चौथऱ्याला दोन घाव घातले. वॉचमन धावत आला. नवीन आहे, बिहारकडचा असावा, पण मराठी शिकलाय. कानाशी येऊन ओरडला, "पावणं, हात लावू नका. साहेब ओरडतील." मी त्याला फोटो दाखवला, म्हटलं, "हा मीच हाय." त्यानं फोटोकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि पहार काढून घेतली.

मग यशराजला घेऊन कचेरीत गेलो. धोंडा मी हलवला, पंचनामा खोटा आहे, माझ्यावर काय ती केस करा, असं कागदावर लिहून नेलं. तिथल्या कारकुनानं कागद वाचला आणि यशराजच्या कानात काहीतरी सांगितलं. बाहेर आल्यावर मी विचारलं तेव्हा यशराज मोठ्यांदा ओरडून म्हणाला, "आबा, ते म्हणतायत नकाशा मंजूर झालाय. दगडाचा आता काही संबंध न्हाय. आजोबांना घरी न्या, त्यांच्या जवळचं कुणीतरी वारलंय न्हवं?" मला गुन्हेगारसुद्धा कुणी करून घेईना.

दुसरा टप्पा सुरू झालाय. विहिरीच्या जागेवर. तुझी विहीर ज्या दिवशी बुजवली त्या दिवशी मी बघायला गेलो नाही.

रविवारी लोक घरं बघायला येतात. इचलकरंजीचे, निपाणीचे. सगळे आधी धोंड्यापाशी थांबतात आणि फोटो काढतात. मग धोंड्यापासून घराच्या दारापर्यंत पावलं मोजतात. पार्श्वा, तुझ्यासारखीच मोजतात. आणि समाधानानं मान हलवतात.

मी दर रविवारी तिथं जाऊन उभा राहतो. जो येईल त्याला सांगतो, हितं पाणी येतंय, घेऊ नका. मला माझा आवाज ऐकू येत नाही, म्हणून फार मोठ्यानं सांगत असेन. पोरं हसतात. मागच्या महिन्यात एका रविवारी एक बाई आली, साठीची असेल, मुलाचा हात धरून चालत होती. गुडघ्यानं अधू. मुलगा तळमजला बघत होता. मी तिच्यापुढं जाऊन उभा राहिलो. ती फोटोकडं बघून म्हणाली असावी, हे तेच आजोबा. मी ओरडलो, "ते खोटं हाय. धोंडा मी हलवलाय." तिचा मुलगा घाबरून पुढं झाला. वॉचमननं माझा दंड धरला आणि त्यांना काहीतरी सांगितलं. त्याचे ओठ मी वाचले. "म्हाताऱ्याला ऐकू येत न्हाय. कायबी बोलतंय."

ती बाई माझ्याकडं बघून हसली. वहिनी हसायच्या तसंच, दया येऊन.

काल त्या बाईच्या दाराला तोरण लागलं. अरिहंतनं विकलेलं घर तेच आहे. दारासमोर खुर्ची टाकून ती नदीकडं तोंड करून बसली होती.

आकाराम